खंबाटकीतला खटका

खंबाटकी घाटाच्या मध्यावर, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असताना, पायाखालून ‘खट्’ असा आवाज आला. ॲक्सिलरेटर सोडला की एक खट्, पुन्हा दाबला की एक खट्. बायको म्हणाली, “डिकीत कुकर गडगडतोय.” सासूबाईंसाठी साताऱ्याला चाललेला पाच लिटरचा कुकर डिकीत होता खरा, आणि मलाही तेच खरं मानायचं होतं. घाट उतरून वेळ्याला चहाला थांबलो, कुकर काढला आणि मागच्या सीटवर पट्टा लावून बसवला. निघालो. खट्.

गाडी माझी २००६ची ऑक्टाव्हिया, १.९ लिटर डिझेल. स्कोडाने २००१ साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, ज्या गाडीने भारतातला श्रीगणेशा केला त्याच घराण्यातली. तीन आठवड्यांपूर्वी तिची क्लच प्लेट बदलून घेतली होती. गॅरेजचं नाव सांगत नाही, माणसं वाईट नाहीत. क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, आणि तो खाली घ्यायचा तर दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, आधी सोडवावे लागतात. हे मला माहीत होतं. पण खट् आणि क्लच यांची सांगड घालायला मला साताऱ्याहून पुण्यापर्यंतचा अख्खा परतीचा रस्ता लागला.

पहिला संशय इंजिन माउंटिंगवर, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं त्यावर होता. त्याचं रबर बसलं की गाडी ओढ घेताना असाच धक्का देते. बॉनेट उघडून बायकोला क्लच-ब्रेकवर बसवलं, गिअर टाकून थोडी ओढ द्यायला लावली. इंजिन आपल्या जागी शहाण्यासारखं होतं. दुसरा संशय चाकाकडच्या जॉइंटवर. पण तो गेला की स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना कडकड वाजतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंग्रजी आठ काढून बघितला, वॉचमन संशयाने बघत राहिला, आवाज नाही. उरला आतला जॉइंट.

ज्यांनी गाडीखाली कधी डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं आहे आणि पुढची चाकं ओढतात. गिअरबॉक्सच्या दोन्ही अंगांनी दोन शाफ्ट निघून चाकांपर्यंत जातात. चाक खड्ड्यात वर-खाली होतं, वळतं, तरी फिरणं एकसारखं राहायला हवं, म्हणून प्रत्येक शाफ्टला दोन्ही टोकांना जॉइंट असतो. बाहेरचा जॉइंट चाकाच्या हबमध्ये घुसून एका मोठ्या नटाने धरलेला. आतला मात्र गिअरबॉक्सच्या फ्लँजवर, म्हणजे बाहेर निघालेल्या पोलादी चकतीवर, नुसता चिकटवून ठेवल्यासारखा असतो आणि त्याला सहा बोल्ट. बोल्टही फार मोठे नाहीत. एम ८, म्हणजे करंगळीपेक्षा बारीक. दीड टनाच्या आसपासची भरलेली गाडी घाट चढते ती या सहा करंगळ्यांच्या भरवशावर, असं मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं. ते चूक होतं, पण ते नंतर कळलं.

रविवारी सकाळी कामाला लागलो. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, पुढचं डावं चाक जॅकवर उचललं आणि दारांखालच्या पट्टीला लोखंडी घोडी दिली. शिवाय काढलेली स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवली. जॅकच्या एकट्याच्या जिवावर गाडीखाली जाणारा माणूस मला शूर वाटत नाही. जॅकचं सील कधी दगा देईल ते तो आधी कळवत नाही.

खालचं प्लास्टिक कव्हर काढलं आणि आत बॅटरी मारली. गिअरबॉक्सचं कवच काळ्या ग्रीसच्या शिंतोड्यांनी भरलेलं, एका रेषेत, जशी होळीत पिचकारी भिंतीवर उडते तशी. शाफ्ट हाताने धरून पिळला तर जॉइंट आणि फ्लँज यांच्यात डोळ्यांना दिसेल इतकी हालचाल. चाक फिरवत एकेक बोल्ट खाली आणून मोजला. सहापैकी एक गायब. दोन बोटांनी फिरत होते. दोन अर्धवट. आणि एक घट्ट होता, पण त्याच्या डोक्यातली खाच गोल होऊन गुळगुळीत झालेली.

पोटात गोळा आला, कारण पुढचं चित्र अवघड नव्हतं. उरलेले बोल्ट तुटले की शाफ्टचं आतलं टोक मोकळं होतं आणि फिरता फिरता गिअरबॉक्सला, ब्रेकच्या पाइपला, जे सापडेल त्याला झोडपत सुटतं. घाटात चढणीवर ओढ जाते. आणि गाडी गिअरमध्ये टाकून थांबवू म्हणावं तर तेही नाही, कारण गिअर आणि चाक यांचा संबंधच तुटलेला असतो.

आता हत्यार. या बोल्टच्या डोक्यात ॲलन की बसत नाही आणि स्टार बिटही बसत नाही. खाच बारा टोकांची असते. तीन चौकोन एकमेकांवर तीस-तीस अंशांनी फिरवून ठेवले तर जी चांदणी होईल, ती. स्टार बिट सहा टोकांचा. तो आत जातो, थोडा धरतो, आणि जोर लावला की खाच खातो. माझ्या सहाव्या बोल्टचं तेच झालं होतं. बाकीचे सैल राहण्याचं कारणही बहुधा तेच: बिट निसटायला लागला की हात आपोआप आखडता येतो.

रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. पहिल्या दुकानदाराने स्टार बिटचा अख्खा सेट पुढे केला. दुसऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तेच आहे हो हे, चालतं.” तिसऱ्याकडे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी न बोलता मागच्या फळीवरून एक लांबडा बिट काढला, फुंकर मारली आणि काउंटरवर ठेवला. लांबच हवा असतो, कारण जॉइंटच्या रबरी बुटाला, म्हणजे ग्रीस आत धरून ठेवणाऱ्या टोपणाला, वळसा घालून बोल्टपर्यंत पोचायचं असतं; आखूड बिट लावला की रॅचेटचं डोकं मध्ये येतं.

बोल्ट नाना पेठेत. इथे मी हट्ट धरला. एम ८, ४८ मिलिमीटर लांब, डोक्यावर १०.९ कोरलेलं. साध्या हार्डवेअरमध्ये ४५ मिळतात, ५० मिळतात, ४८ मिळत नाहीत. ५०चे लावले तर मागे निघालेलं टोक गिअरबॉक्सच्या कवचाला घासायची धास्ती. आणि तो १०.९ म्हणजे शोभेचा आकडा नव्हे. पहिला आकडा सांगतो की पोलाद तुटायला एका चौरस मिलिमीटरवर साधारण १००० न्यूटन ताण लागतो, आणि नंतरचा ९ सांगतो की त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ते ताणलं तरी मूळ लांबीवर परत येतं. चौथ्या दुकानात सहा मिळाले. मी बारा मागितले, दुसऱ्या बाजूसाठी. नव्हते. ते दोन दिवसांनी आले.

सोसायटीच्या फाटकाबाहेर एक गॅरेज आहे. पत्र्याचं छप्पर, एक वाईस, एक कॉम्प्रेसर आणि मामा. मामांचं निम्मं आयुष्य ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टखाली गेलंय. घासलेला बोल्ट माझ्याने निघेना, म्हणून त्यांना बोलावलं. त्यांनी वेल्डिंगचा विषयच काढला नाही. रबरी बूट दोन बोटांवर होता. छिन्नी बोल्टच्या कडेला तिरकी लावली आणि हातोडीने उलट्या दिशेला टकटक करत गेले. लहान लहान ठोके, एकही जोरात नाही. सातव्या-आठव्या ठोक्याला बोल्ट हलला. मी अर्धा तास कपाळाला आठ्या घालून जे केलं होतं ते दोन मिनिटांत झालं.

मी नवा बोल्ट उचलला. मामा म्हणाले, “थांबा दादा. आधी तोंड पुसा.”

मी बाहीने गाल पुसला.

“तुमचं न्हाई हो. जॉइंटचं!”

हे मी केलं नसतं. जुने बोल्ट काढून नवे घट्ट केले असते आणि घरी गेलो असतो. मामांनी शाफ्ट चाकाच्या दिशेने दाबला. आतला जॉइंट थोडा आत-बाहेर सरकतो, ती जागा वापरून तो फ्लँजपासून सोडवला आणि सुतळीने वर बांधून ठेवला. लोंबकळू दिला असता तर बाहेरच्या जॉइंटवर आणि बुटावर नको तेवढा कोन आला असता. मग त्यांनी मला फ्लँजवर बोट फिरवायला सांगितलं. बोट काळं झालं.

“बोल्ट गाडी वढत न्हाई,” मामा म्हणाले. “तोंड वढतं. बोल्ट निस्ता दाबून धरतो.”

माझा सगळा गैरसमज या तीन वाक्यांत निघाला. घरी येऊन कागदावर हिशेब मांडला तेव्हा तर मी थक्कच झालो. एम ८ बोल्ट स्वच्छ, कोरड्या आट्यांवर ४० न्यूटन-मीटरने (न्यूटन-मीटर म्हणजे पिळायच्या जोराचं माप) आवळला तर तो ढोबळ मानाने अडीच टनांनी ताणला जातो. सहा बोल्ट मिळून पंधरा टन. एवढ्या दाबाने दोन सपाट पोलादी चकत्या एकमेकींवर बसतात, आणि इंजिनाची ओढ एका चकतीकडून दुसरीकडे जाते ती त्यांच्या घर्षणातून. बोल्टवर आडवा घाव बसायलाच नको. चकत्यांमध्ये ग्रीस शिरलं की घर्षण घटतं, चकत्या केसाएवढ्या सरकतात, बोल्ट हळूहळू उलटे फिरतात, आणि मग खरोखरच करंगळ्यांवर गाडी ओढायची वेळ येते. माझा खट् म्हणजे त्या दोन चकत्यांचं सरकणं: दाबला की पुढे, सोडला की मागे.

तेच ग्रीस बोल्टच्या आट्यांवर राहिलं तर उलटा घोळ. टॉर्क रेंचवर, म्हणजे ठरवलेला जोर आला की क्लिक करणाऱ्या पान्यावर, आपण जो जोर मोजतो त्यातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला मिळतात जेमतेम दहा टक्के. आटे ओशट असले की घर्षणात कमी जोर जातो, आणि तोच ४०चा आकडा बोल्टला त्याच्या कुवतीबाहेर ताणतो. म्हणजे एकच ग्रीस चकतीवर लागलं तर जॉइंट सैल, आट्यांवर लागलं तर बोल्ट मेलेला. आणि जॉइंटच्या आत फिरणाऱ्या पोलादी गोळ्यांभोवती तेच ग्रीस नसेल तर जॉइंट मेलेला.

सगळं पुसायला दीड तास गेला. ब्रेक क्लीनर, चिंध्या, जुना टूथब्रश. फ्लँजमधल्या सहाही भोकांचे आटे ब्रशने घासले, क्लीनर मारला, कोरडे होऊ दिले. जॉइंटमधलं ग्रीस मात्र धुतलं जाऊ नये म्हणून तिथे फडकं आवळून धरलं. बोल्टच्या डोक्यांखाली, दोन-दोन बोल्टांना मिळून एक, अशा तीन वाकड्या पत्त्या असतात. त्यातली एक गायब बोल्टाबरोबर वाकली होती. ती मामांनी ऐरणीवर सरळ करू म्हटलं, मी नको म्हटलं. नवीन पत्ती आणायला आणखी एक नाना पेठ. मामांच्या चेहऱ्यावर ‘पैसा फार झाला’ असा भाव होता, पण ते बोलले नाहीत.

सहाही बोल्ट आधी हाताने, बोटांनी, टेकेपर्यंत. आटे चुकीचे धरले असतील तर ते बोटांनाच कळतं. मग बिट. प्रत्येक वेळी बिट खाचेत घालून हातोडीने एक हलका ठोका, तो पूर्ण तळाला बसला याची खात्री. पहिली फेरी १० न्यूटन-मीटर, समोरासमोरचे बोल्ट घेत: एक, मग त्याच्या नेमका समोरचा. शेजारी-शेजारी घट्ट करत गेलं तर चकती एका बाजूने बसते आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. दुसरी फेरी ४०. (याच घराण्यातल्या काही गाड्यांना मोठा फ्लँज आणि एम १० बोल्ट असतात, त्यांना ७०. आधी बोल्ट मोजा, मग आकडा लावा.) बायको आत बसून ब्रेक दाबत होती, नाहीतर रेंच ओढला की चाकच फिरतं. “दाब.” क्लिक. “सोड.” चाक फिरवून पुढचा बोल्ट खाली. “दाब.” चौथ्या बोल्टानंतर आतून आवाज आला, “भाजी करपतेय.”

मामा टॉर्क रेंचकडे अविश्वासाने बघत होते. “हाताला कळतं की.” मी म्हटलं, उजव्या बाजूचे तीन बोल्ट तुम्ही हाताने आवळा, मग मी रेंच लावतो. (उजवी बाजूही पूर्ण खोलून, पुसून, नव्या बोल्टांनी केली. तिथे काही सैल नव्हतं, पण घाण तितकीच होती.) त्यांनी आवळले. पहिल्या बोल्टाला रेंच लावला तर क्लिक व्हायच्या आधी बोल्ट चांगला फिरला. दुसरा आणि तिसरा जागच्या जागी क्लिक. मामा हसले. मी म्हटलं, जागच्या जागी क्लिक म्हणजे चाळीस किंवा त्याहून जास्त. किती जास्त ते हा सांगत नाही. ते दोन सोडवून पुन्हा आवळले.

“आणि तुमचा हा खरं बोलतो कशावरून?”

प्रश्न बिनतोड होता. रेंच दुकानातून आणला तेव्हापासून त्याची कुणी परीक्षा घेतली नव्हती. मग आम्ही जे केलं ते त्या दिवसातलं माझं सगळ्यात आवडतं काम. मामांच्या वाईसमध्ये एक मोठा बोल्ट घट्ट धरला, त्यावर गोटी (सॉकेट) आणि रेंच, दांडा आडवा. रेंच ४०वर. गोटीच्या मध्यापासून बरोबर ४० सेंटिमीटरवर दोरीने पाण्याचा कॅन टांगला. चाळीस सेंटिमीटरवर दहा किलो म्हणजे जवळजवळ ४० न्यूटन-मीटर होतात, पण दांड्याचं स्वतःचं वजनही थोडी भर घालतं, म्हणून क्लिक दहाच्या जरा अलीकडे व्हायला हवा. कॅन स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून नऊ किलोचा केला. हळूच सोडला. गप्प. अर्धा लिटर पाणी घातलं. गप्प. अजून एक पेलाभर. क्लिक. मामांनी कॅन उतरवून स्वतः पुन्हा टांगला. क्लिक. मग आणखी दोनदा. फाटकाशी तीन पोरं आणि वॉचमन जमले होते.

बोल्ट पुन्हा सुटू नयेत म्हणून काय, यावर माझं आणि मामांचं जमलं नाही. ते म्हणत होते लॉकटाइट, म्हणजे आटे जखडून ठेवणारा गोंद, लावा. मी लावलं नाही. कारखान्याच्या पद्धतीत या बोल्टांना ते सांगितलेलं नाही, आणि जॉइंटची तोंडं स्वच्छ असतील, ताण बरोबर असेल, तर त्याची गरज पडू नये. तारेने बांधायचीही पद्धत असते, दोन बोल्टांची डोकी एकमेकांना अशी जखडायची की एक सैल व्हायला लागला तर दुसरा आवळला जावा. विमानात आणि शर्यतीच्या गाड्यांत ती बघायला मिळते. पण त्यासाठी डोक्यात भोक पाडलेले बोल्ट लागतात. मी सगळ्यात स्वस्त उपाय केला. काडेपेटीच्या काडीने पांढऱ्या ऑइलपेंटची एकेक रेघ ओढली, बोल्टच्या डोक्यावरून पत्तीवर आणि पत्तीवरून जॉइंटवर. रेघ अखंड असली तर बोल्ट जागेवर. तुटली तर हलला.

पहिली चाचणी सिंहगड पायथ्यापर्यंत. खट् नाही. १०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा गाडीखाली. अकरा रेघा अखंड, डाव्या बाजूच्या एकीला केसाएवढी फट. रेंच लावला, बोल्ट किंचित फिरून क्लिक झाला. नवा बोल्ट, नवी पत्ती, रंगाचा थर: जागेवर बसताना एवढं होतं, म्हणून ही दुसरी तपासणी टाळायची नसते. ती रेघ खरवडून नवी ओढली. ५०० किलोमीटरनंतर बाराही अखंड.

क्लचवाल्या गॅरेजात गेलो होतो. भांडायला नव्हे, तो गुळगुळीत बोल्ट दाखवायला. मालकाने तो बोटांत फिरवून बघितला, आत हाक मारून पोराला बोलावलं, आणि आमच्या तिघांत बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग पोराने विचारलं, “तो बिट कुठे मिळतो?” मी बोहरी आळीतलं दुकान सांगितलं.

माझा बिट मात्र सध्या माझ्याकडे नाही. गेल्या रविवारी मामांकडे तो परत मागायला गेलो, तर ते एका पोलो गाडीखाली झोपलेले, फक्त चपला बाहेर. माझा आवाज ओळखून खालूनच म्हणाले, “दादा, आलात ते बरं झालं. तेवढा रेंच बी आना. आन् पान्याचा कॅन.”